वारंवार आजारी पडणारं मूल : इम्युनोलॉजिस्टपर्यंत कसं पोहोचायचं आणि सोबत काय न्यायचं

बालवाडीत जायला लागलेलं मूल वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडतं. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचा आकडा पहिल्या वर्षी दहा-बारावरही जातो. एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते आणि बहुतेक सगळ्या पावसाळ्यात नि थंडीत गर्दी करून येतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हे पोर कधी धड असतंच कुठे? पण ते मधल्या दिवसांत नीट जेवत असेल, हुंदडत असेल, वजन वाढत असेल, तर त्याला इम्युनोलॉजिस्ट, म्हणजे प्रतिकारशक्तीचा तज्ज्ञ, लागत नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’ सिरपही लागत नाही. ते पैसे अंड्यांवर खर्च करा.

हा लेख दुसऱ्या मुलांसाठी आहे. संख्येने ती थोडी आहेत, पण साध्या सर्दीवाल्यांच्या गर्दीत हरवून जातात. त्यांच्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतला एखादा भाग जन्मतःच नसतो किंवा काम करत नाही. असे साडेचारशेहून अधिक आजार आज माहीत आहेत. काहींवर महिन्यातून एकदा सलाईन लावून मूल शाळा-कॉलेज करून नोकरीला लागतं, तर काहींत पहिल्या काही महिन्यांतच बोनमॅरो ट्रान्सप्लांट करावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक नवजात बाळाची यातल्या सर्वांत गंभीर आजारासाठी, म्हणजे ‘स्किड’साठी, टाचेच्या रक्तावरून तपासणी होते. आपल्याकडे सरसकट तशी सोय नाही. म्हणून इथे ते काम आई-वडील, अंगणवाडी सेविका आणि गावातला बालरोगतज्ज्ञ यांच्यावर येऊन पडतं.

मूल किती वेळा यापेक्षा कशाने आजारी पडतं ते बघा

प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांवर काम करणाऱ्या जेफ्री मोडेल फाउंडेशनची दहा लक्षणांची यादी जगभर वापरतात. तिचा मथितार्थ असा : वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं किंवा कानात संसर्ग होणं, दोनदा सायनसचा जोरदार त्रास, दोनदा न्यूमोनिया. दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं किंवा प्रत्येक वेळी शिरेतूनच औषध द्यावं लागणं. वजन न वाढणं. अंगावर खोल गळवं किंवा यकृतासारख्या अवयवात पू होणं. वर्षाचं झाल्यावरही तोंडातले पांढरे चट्टे न जाणं. रक्तात किंवा हाडात शिरलेले संसर्ग दोनदा होणं. आणि घरात असा आजार आधी कोणाला झालेला असणं. यातली दोन लक्षणं जुळली की चौकशी सुरू करायची. यकृतातलं गळू, बुरशीचा न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर यांपैकी काही झालं असेल, तर एकच पुरे.

यात आपल्याकडच्या काही गोष्टी जोडायला हव्यात, कारण आपल्या मुलांत त्याच आधी दिसतात.

पहिली बीसीजी. आपण ही लस जन्मतःच देतो आणि तिच्यात जिवंत, पण दुबळे केलेले जंतू असतात. टोचलेल्या जागी फोड येऊन व्रण राहणं हे चांगलं लक्षण. डाव्या काखेत छोटी गाठ येणंही पुष्कळदा निरुपद्रवी असतं. पण ती जखम महिनोन् महिने वाहत राहिली, काखेतली गाठ फुटली, इतर ठिकाणी गाठी आल्या किंवा ताप येऊन यकृत-प्लीहा वाढली, तर ही लस आवरणारी यंत्रणाच या बाळात नाही, अशी शंका घ्यायलाच हवी.

दुसरी टीबी. छातीच्या एक्स-रेत डाग, ताप, वजन घटलेलं, म्हणून टीबीचा कोर्स सुरू झाला. तो संपला आणि वर्षाभरात पुन्हा तेच, म्हणून दुसरा कोर्स. प्रत्यक्षात थुंकीत, पोटातल्या पाण्यात किंवा गाठीत टीबीचा जंतू एकदाही सापडलेला नाही. अशा मुलांच्या फायली जाडजूड असतात. त्यातल्या काहींना टीबी नसतोच. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, हा पांढऱ्या पेशींचा आजार असतो आणि तोही फुप्फुसात, गाठींत असेच डाग पाडतो. काहींना टीबी खरोखरच असतो, पण तो वारंवार का होतो हे कोणी विचारलेलं नसतं.

तिसरी नाळ. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत गळून पडते. चार आठवडे उलटूनही पडली नाही आणि बेंबीशी संसर्ग झाला, तर ते सांगण्याजोगं आहे. बाळंतपणाच्या गडबडीत कोणी लिहून ठेवत नाही, पण आजीला हमखास आठवतं.

काही खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुलाचे केस चंदेरी-राखाडी असणं. मुलग्याला एक्झिमा, शौचातून रक्त आणि प्लेटलेट कमी, असं तिन्ही एकत्र असणं. वारंवार न्यूमोनिया होऊनही घशात टॉन्सिल जवळजवळ न दिसणं. चालताना तोल जाणं आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरांचं जाळं. डॉक्टर तपासतीलच, पण तुम्ही आधी पाहिलं असेल तर बोला.

मग कुळाची चौकशी, आणि ती आईच्या माहेरी

यातले बरेच आजार एक्स गुणसूत्रावरून येतात. आई निरोगी असते, पण तिच्या मुलग्यांना आजार होऊ शकतो. म्हणून विचारायचं ते आईच्या आईला : तुमचा एखादा मुलगा, भाऊ किंवा बहिणीचा मुलगा तान्हेपणी गेला का? कशाने? ‘बाहेरचं झालं होतं’, ‘दृष्ट लागली’, ‘दूध बाधलं’ ही उत्तरं येतील. ती खोडून काढू नका. किती महिन्यांचा होता, ताप होता का, जुलाब होते का, दवाखान्यात किती दिवस होता, एवढं शांतपणे विचारा. दोन मामा वर्षाच्या आत गेले, ही माहिती एखाद्या महागड्या तपासणीइतकी मोलाची आहे.

दुसरा प्रश्न नात्यातल्या लग्नाचा. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत होतं. आई-वडील दोघांकडून एकच बिघडलेला जनुक मुलात येण्याची शक्यता त्यामुळे वाढते, मग मूल मुलगा असो की मुलगी. डॉक्टर हे विचारतील तेव्हा संकोच करू नका. कोणाला दोष देण्यासाठी तो प्रश्न नसतो. त्यावरून पुढची तपासणी ठरते.

सगळा आजार एका कागदावर आणा

मोठ्या रुग्णालयात पहिल्या भेटीला मिळणारा वेळ मोजका असतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले केस पेपर चाळण्यात तो गेला, तर विचार करायला उरत नाही. म्हणून तारीखवार एक कागद करा. नमुना असा :

जन्म : ३ किलो, पूर्ण दिवसांचा. नाळ दहाव्या दिवशी पडली. बीसीजी जन्मतः, व्रण आहे.
५ महिने : पहिला न्यूमोनिया. ६ दिवस भरती. शिरेतून औषध. ऑक्सिजन लागला.
८ महिने : उजवा कान फुटला. तोंडातून औषध, १० दिवस.
११ महिने : पुन्हा न्यूमोनिया, या वेळी डावीकडे. ९ दिवस भरती. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) न्यूमोकोकस जिवाणू.
१३ महिने : गुडघा सुजला, पाणी काढलं. रिपोर्ट जोडला आहे.
वजन : ६ महिन्यांना ७.२, वर्षाला ८.१, आता ८.३ किलो.
रक्त किंवा आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या तयार अँटिबॉडी) दिलं का : नाही.

या कागदावरून जाणकार डॉक्टरला बसल्या जागी दिशा कळते. पहिले काही महिने बाळ आईकडून नाळेतून आलेल्या अँटिबॉडींवर, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांवर, निभावतं. तो साठा ओसरल्यावर कान, फुप्फुस, सांधे अशी जिवाणूंची रांग लागली, म्हणजे मूल स्वतःच्या अँटिबॉडी तयार करत नसावं. ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने १९५२ मध्ये आठ वर्षांच्या मुलात हाच आजार पहिल्यांदा नोंदवला. त्याला बाहेरून गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, दिलं आणि मुलाचे संसर्ग आटोक्यात आले.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्या. त्यावर वजनाचा आलेख आणि लसींच्या तारखा असतात. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म खऱ्या न्या, मोबाईलवरचा चकाकणारा फोटो उपयोगाचा नाही. कल्चरचे रिपोर्ट, मग ते ‘काही वाढलं नाही’ असे का असेनात, सगळे न्या.

सीबीसी : ज्या आकड्याखाली रेघ नसते, तो बघा

तुमच्या हातात आधीच असलेली सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे दोन-तीनशे रुपयांची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. पण लॅबच्या छापील ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा मोठ्या माणसांच्या असतात आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, चार महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट असा आहे : एकूण पांढऱ्या पेशी ७,४००, त्यातल्या लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २२ टक्के. लॅबची मर्यादा २० ते ४० टक्के, म्हणून कुठेही ठळक अक्षर नाही की लाल बाण नाही. आता गुणाकार करा. ७,४०० चे २२ टक्के म्हणजे १,६२८. मोठ्या माणसाला हा आकडा ठीक आहे. चार महिन्यांच्या बाळाला तो फारच कमी. या वयात लिम्फोसाइट पाच-सहा हजारांच्या आसपास असतात. पहिल्या वर्षात आकडा ३,००० च्या खाली दिसला, तर सीबीसी पुन्हा करायची, आणि तो खालीच राहिला तर स्किडची शंका घेऊन त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं. गंभीर संसर्गात लिम्फोसाइट तात्पुरते घटतातही, पण ते ठरवायचं काम तज्ज्ञाचं.

हीच चूक उलट्या दिशेनेही होते. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे अँटिबॉडींची, तपासणी केली आणि पाच महिन्यांच्या बाळाच्या आयजीजी या मुख्य अँटिबॉडीपुढे ‘कमी’ असा बाण आला, की घरात रडारड. तिथेही मर्यादा मोठ्यांचीच छापलेली असते. पाचव्या-सहाव्या महिन्यात आयजीजी निसर्गतःच तळाला गेलेलं असतं. वयानुसारच्या तक्त्याशी ताडल्याशिवाय त्या बाणाला अर्थ नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे याच्या वयाला कमी आहे का?’

साध्या कारणांची चाळणी आधी

एकाच फुप्फुसाच्या एकाच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा किंवा चिंचोका आठवायचा. रात्री घोरणं आणि सतत नाक बंद असेल तर ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची वाढलेली गाठ. दरवेळी ‘न्यूमोनिया’ म्हणतात, पण ताप नसतो, घरघर असते आणि नेब्युलायझरने उतरतं, तर बहुधा दमा. हृदयाला छिद्र असेल तरी छाती वारंवार भरते. आणि कुपोषण स्वतःच प्रतिकारशक्ती खाली आणतं, म्हणून आहाराकडे आधी बघायचं.

एचआयव्हीची तपासणी टाळायची नाही. सरकारी आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ती मोफत आणि गोपनीय होते. दीड वर्षाखालच्या बाळात नेहमीची अँटिबॉडी तपासणी आईच्या अँटिबॉडी दाखवते, म्हणून तिथे थेट विषाणू शोधणारी पीसीआर लागते. उलट, जे मूल अँटिबॉडी तयारच करत नाही, त्यात अँटिबॉडी तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तिथेही पीसीआरच.

कोणत्या डॉक्टरकडे?

दोन वेगळे तज्ज्ञ आहेत आणि पालकांची गल्लत होते. बालसंसर्गतज्ज्ञाला जंतूंची खोल माहिती असते. दोन-तीन आठवडे उलटूनही कारण न सापडलेला ताप, औषधांना दाद न देणारा टीबी, कल्चरमध्ये निघालेला हट्टी जंतू, गरोदरपणात आईकडून आलेला सायटोमेगॅलो किंवा टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग, एचआयव्ही असलेलं मूल, हे त्यांच्याकडे. इम्युनोलॉजिस्ट जंतूपेक्षा मुलाकडे बघतो : हाच जंतू याच मुलाला का? वारंवार संसर्ग, ते उलटूनपालटून येणं, आणि शरीराने स्वतःवरच हल्ला करणं, म्हणजे लहान वयात रक्तपेशी नष्ट होणं, आतड्याला जखमा, सततची पुरळ, हे त्याच्याकडे. मोठ्या केंद्रात दोघं एकमेकांना विचारूनच चालतात.

महाराष्ट्रातून जायचं तर दिशा मुंबईतल्या परळची. आचार्य दोंदे मार्गावर बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आहे, तिथे इम्युनोलॉजीचा विभाग आहे. जवळच केईएम रुग्णालय, आणि केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, म्हणजे एनआयआयएच. या आजारांच्या खास तपासण्या तिथे होतात. देशात चंडीगडचं पीजीआय या विषयाचं जुनं केंद्र आहे आणि तिथे बाल-इम्युनोलॉजीत डीएम ही पदवीही आहे. विदर्भातल्या किंवा सीमाभागातल्या लोकांना हैदराबाद, बेंगळुरू जवळ पडत असेल तर तिकडे जायला हरकत नाही. मात्र ‘इम्युनिटी क्लिनिक’ अशी पाटी लावून बाटल्या विकणाऱ्यांपासून लांब राहा.

थेट जाण्यापेक्षा तुमच्या बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी घ्या आणि शक्य असेल तर त्यांना तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. तान्ह्या बाळात स्किडची शंका असेल तर ‘पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट’ चालत नाही. एका फोनने ती दुसऱ्या दिवसाची होते. राहण्याची सोय रुग्णालयातल्या समाजसेवकाला विचारा. पण अशा बाळाला धर्मशाळेच्या सामायिक हॉलमध्ये ठेवू नका. दाटीवाटीची का असेना, नातेवाइकाची वेगळी खोली बरी.

रक्त देण्याआधी रक्त काढा

इथे थांबून नीट वाचा, कारण एकदा हुकलं की महिने वाया जातात.

मूल अत्यवस्थ असताना गावातल्या रुग्णालयात आयव्हीआयजी दिलं जातं किंवा रक्त चढवलं जातं. जीव वाचवायला ते लागतंही. पण आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी. ते दिल्यावर मुलाच्या आयजीजीची तपासणी केली तर आकडा दात्यांचा येतो. परिणाम काही महिने टिकतो. म्हणून डॉक्टरांना विनंती करा : देण्याआधी इम्युनोग्लोब्युलिनसाठी थोडा नमुना काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्किडची शंका असलेल्या बाळाला रक्त द्यावंच लागलं तर ते किरणोत्सर्ग दिलेलं हवं. नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीरावर उलटतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. ‘इरॅडिएटेड’ हा शब्द रक्तपेढीच्या मागणीपत्रावर लिहिला गेला आहे ना, हे बघा.

पुढच्या तपासण्या फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या यंत्रावर, होतात. लिम्फोसाइटच्या प्रकारांची मोजणी, सीजीडीसाठी पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद बघणारी डीएचआर. यांना ताज्या, जिवंत पेशी लागतात. नमुना बर्फात घालायचा नाही आणि दोन दिवस कुरियरमध्ये फिरवायचा नाही. नांदेडहून नमुना पाठवण्यापेक्षा मुलाला घेऊन जाणं बहुधा स्वस्त पडतं, कारण शिळ्या नमुन्याचा रिपोर्ट चुकीचा येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. शनिवार-रविवारच्या तोंडावर नमुना देऊ नका. डीएचआरसोबत निरोगी माणसाचा तुलनेचा नमुना लागतो. तो वडिलांचा चालेल का, आईचाही हवा का, हे आधी विचारून घ्या.

गाठ किंवा पू काढला जात असेल तर आणखी एक गोष्ट सर्जनला आधीच सांगा : सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नका. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. एक भाग निर्जंतुक साध्या सलाईनमध्ये ठेवून टीबीचा जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला, जिवाणूंच्या आणि बुरशीच्या कल्चरला जाऊ द्या. टीबीचे वर्षानुवर्षांचे गोंधळ या एका डबीने सुटतात.

शेवटी जनुकांची तपासणी. तिचा निकाल यायला काही आठवडे लागतात आणि कधी कधी उत्तर ‘नक्की सांगता येत नाही’ असं येतं. उपचार तोवर थांबत नाहीत. पण पुढच्या बाळंतपणासाठी हा कागद फार महत्त्वाचा ठरतो.

लसी : कोणत्या थांबवायच्या, कोणत्या नाही

शंका आहे तोवर जिवंत लसी थांबवा : बीसीजी, तोंडातून देतात ती पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला, कांजिण्या. त्यातल्या कोणत्या नंतर देता येतील, हे आजारावर अवलंबून आहे. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल, इंजेक्शनची पोलिओ या मृत लसी आहेत. त्यांनी आजार होत नाही, मग अंगात लागू पडोत न पडोत. ‘याला कसल्याच लसी नकोत’ असा निष्कर्ष घरीच काढून टाकू नका.

पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतील. अँटिबॉडी तयार न करणाऱ्या मुलाला तो डोस द्यायचा नाही आणि त्याच्या भावंडालाही तोंडातून नको. कारण भावंडाच्या शौचातून लसीचा विषाणू काही आठवडे बाहेर पडतो आणि घरातल्या आजारी मुलापर्यंत पोहोचतो. भावंडांना इंजेक्शनची पोलिओ द्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाराजवळ ठेवली तर वाद होत नाही. घरच्या मोठ्यांनी मात्र फ्लूची लस दरवर्षी घ्यावी.

आयव्हीआयजी घेतलेल्या मुलाला गोवराची लस लगेच लागू पडत नाही. डोसनुसार ८ ते ११ महिने थांबावं लागतं. कावासाकी या आजारासाठी एकदाच आयव्हीआयजी घेतलेल्या, एरवी धडधाकट मुलांनाही हे लागू आहे.

उपचार

अँटिबॉडी नसलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी देतात, किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला ५ ते ७ ग्रॅम. दिवस कसा जातो ते माहीत असलं तर भीती कमी होते. सकाळी भरती, वजन, ताप बघणं, डोस देण्याआधीच्या आयजीजीसाठी रक्त. मग बाटली हळूहळू, थेंब मोजत सुरू होते आणि त्रास नाही असं दिसलं की वेग वाढवतात. चार-सहा तास लागतात. थंडी वाजणं, डोकं दुखणं, अंग दुखणं हे बहुतेकदा वेग कमी केल्यावर थांबतं, म्हणून सिस्टरला ताबडतोब सांगा, सहन करत बसू नका. आदल्या दिवशी मुलाला भरपूर पाणी पाजलं तर डोकेदुखी कमी राहते. बाटली हलवून फेस काढायचा नाही. तिच्यावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर सोलून वहीत चिकटवा.

सीजीडीमध्ये रोजचं कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीविरुद्ध इट्राकोनाझोल ही औषधं वर्षानुवर्षं चालतात. मूल ठणठणीत दिसतं, म्हणून ती बंद करायचा मोह होतो. ते ठणठणीत आहे ते याच गोळ्यांमुळे.

स्किड, विस्कॉट-ॲल्ड्रिच (वर सांगितलेला एक्झिमा, शौचातून रक्त आणि कमी प्लेटलेटचा आजार), सीजीडीचे बरेच रुग्ण यांना कायमचा उपाय ट्रान्सप्लांट. स्किडमध्ये साडेतीन महिन्यांच्या आत, संसर्ग होण्यापूर्वी ट्रान्सप्लांट झालं तर दहापैकी नऊहून अधिक बाळं जगतात. उशीर होईल तसा आकडा घसरतो. सख्ख्या भावंडाचा मॅरो जुळण्याची शक्यता चारात एक. न जुळल्यास आई किंवा वडील अर्धे जुळणारे दाते होऊ शकतात. मॅरो जुळतो का हे सांगणारी एचएलए तपासणी निदानाच्या आठवड्यातच करून घ्या.

पैसा

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ खाली नेमलेल्या केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ट्रान्सप्लांट लागणारे स्किड, सीजीडी, विस्कॉट-ॲल्ड्रिच त्यात आहेत. महाराष्ट्रातलं असं केंद्र केईएम. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, केंद्राकडे जातात. त्यामुळे मुलाची नोंदणी त्या केंद्रात होणं ही पहिली पायरी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार त्या यादीत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या वेळीच विचारा, डिस्चार्जच्या वेळी नाही. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला अंदाजपत्रक, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठ्याकडून आणि तहसीलमधून तो आधीच काढून ठेवा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा आहे, या आजारांना नाही. तेव्हा त्या प्रमाणपत्रासाठी खेटे घालू नका. हा अन्यायच आहे, पण आजची स्थिती ती आहे.

इंडियन पेशंट्स सोसायटी फॉर प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी ही पालकांची संघटना आहे. कोणत्या कागदाला कुठे अडवतात, हे दुसऱ्या पालकाइतकं कोणी सांगत नाही.

घर, शेत, शाळा

सीजीडी असलेल्या मुलासाठी धोका बुरशीचा. शेणखत उपसणं, जुना कडबा किंवा पेंढा हलवणं, कुंडीतली माती उकरणं, घरात भिंत फोडण्याचं काम, या वेळी मूल तिथे नको. ओढ्यात, शेततळ्यात, गढूळ साचलेल्या पाण्यात पोहायला नाही. शेतकरी घरात हे अवघड आहे, पण सुगीच्या दिवसांत त्याला आजोळी ठेवता येतं. हायपर-आयजीएम या प्रतिकारशक्तीच्या आजाराच्या मुलाला पाणी उकळूनच द्यायचं. पाण्यातला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या थेंबांनी मरत नाही.

बाकी मुलांना उगाच घरात कोंडू नका. उपचार नीट सुरू असलेलं अँटिबॉडीच्या आजाराचं मूल शाळेत जातं, कबड्डी खेळतं, सहलीला जातं. वर्गशिक्षकांना एवढंच सांगा : वर्गात गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करा.

तापाचं पत्र मात्र तयार हवं. इम्युनोलॉजिस्टकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या, त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि ठळक अक्षरात : ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइटच्या वर गेल्यास ताबडतोब सीबीसी, सीआरपी आणि रक्ताचं कल्चर, नंतर लगेच शिरेतून हे अँटिबायोटिक, मग या क्रमांकावर फोन. कल्चर आधी, औषध नंतर, पण कल्चरसाठी औषधाला तासन् तास उशीर नाही. रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यातल्या ड्युटी डॉक्टरला आजाराचं नाव ऐकूनही माहीत नसण्याची शक्यता आहे. पत्र त्याच्या हाती द्या. एक प्रत पाकिटात, एक शाळेत, एक आजोळी, आणि फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये.

पुढचं बाळ

पहिल्या मुलात जनुकातला दोष सापडला असेल, तर पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांदरम्यान वारेचा तुकडा तपासून बाळाला तोच आजार आहे का हे कळू शकतं. ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदीच्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते आणि दिवस राहिल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेतलेला बरा. पहिलं मूल निदान न होताच गेलं असेल आणि त्याचं रक्त किंवा डीएनए कुठे साठवलेलं असेल, तर त्यावरही तपासणी होते. काहीच नसेल तर आई-वडिलांच्या रक्तावरून शोध घेण्याचा प्रयत्न करता येतो.

तपासणी केलेली नसो वा निकाल अस्पष्ट असो, बाळंतपणाच्या आधीच प्रसूती विभागाला लेखी द्या : ‘या कुटुंबात प्रतिकारशक्तीच्या आजाराने बाळ दगावलं आहे. तपासणी होईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचा तोंडी डोस देऊ नये. जन्मानंतर सीबीसी आणि लिम्फोसाइट मोजणी करावी.’ हा कागद आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर लावा आणि प्रसूतीच्या दिवशी ड्युटीवरच्या सिस्टरला तोंडीही सांगा, कारण बीसीजी बहुधा डिस्चार्जच्या सकाळी, कोणी फाईल न उघडता टोचली जाते.